पडद्याच्या कोपऱ्यातले अण्णा

पहिल्यांदा ती सूचना आली तेव्हा बेबी एका भुंग्याचे पाय साफ करत होती.

बेबी म्हणजे कुणी तान्हं बाळ नव्हे. पन्नाशीला टेकलेली, दोन चष्मे वापरणारी, घरी बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावणारी बाई. माहेरी पहिली मुलगी म्हणून तिला बेबी म्हणायला लागले आणि पुढे ते बदलायचं कुणाला सुचलंच नाही. सध्या तिच्याकडे मुलांसाठीचं किड्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पानभर भुंगा, पानभर चतुर, पानभर नाकतोडा. चित्रं इतकी स्पष्ट की पायावरचे केस मोजावेत. छायाचित्रकाराने भुंग्याबरोबर थोडी धूळही टिपली होती. ती धूळ काढता काढता पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली.

संगणकाची मेमरी कमी पडते आहे. फाइल्स सेव्ह करा आणि पुढील प्रोग्रॅम बंद करा.

खाली दोन नावं होती. एक पानं लावायच्या प्रोग्रॅमचं. दुसरं कॅमेऱ्याचं.

तिने पुन्हा वाचलं. मग तिची नजर आपोआप पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे पत्त्याच्या पानाएवढी एक खिडकी सदैव उघडी असे आणि त्या खिडकीत अण्णा असत. आत्ताही होते. खुर्चीत बसून नखं कापत होते. पुस्तक बंद केलं तर काम थांबणार आणि ही खिडकी बंद केली तर... तिने पुढचा विचार केला नाही. 'ठीक आहे' वर टिचकी मारून चौकट घालवून टाकली.

अण्णा गावाच्या दुसऱ्या टोकाला, बंदराजवळ, एकटे राहत. सगळी नोकरी त्यांनी धक्क्यावर क्रेन चालवण्यात घालवली. आई गेल्यावर बेबीने खूप विनवलं, पण ते आपली जागा सोडायला तयार नव्हते. "तुझ्याकडे येऊन काय करू? किडे मोजू?" म्हणत. मग एकदा न्हाणीघरात त्यांना घेरी आली. हे त्यांनी लेकीला सांगितलंच नाही. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना सांगितलं, तेही बोलता बोलता. त्या शिवणकाकूंनी बेबीला फोन केला तेव्हा घेरीची गोष्ट शिळी झाली होती.

त्या सुट्टीत परदेशातला धाकटा भाऊ आला, त्याने अण्णांच्या बैठकीच्या खोलीत फळीवर कॅमेरा बसवला, त्यातून ऐकायची आणि बोलायची सोय करून दिली आणि परत गेला. कॅमेरा लावला भावाने, बघायचं काम अर्थातच बहिणीच्या गळ्यात आलं.

अण्णांनी फार कुरकुर केली नाही. "जन्मभर मी उंचावर बसून खालच्या लोकांकडे बघितलं," ते म्हणाले. "आता तू बघ. पण एक सांगतो, वरून सगळं दिसतं असं वाटतं. तसं नसतं."

सूचना दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोज यायला लागली. बेबीने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत खेळाचा मास्तर होता आणि शरीराचा असो की यंत्राचा, कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तयार उपाय असे.

"अगं, भरली असेल मेमरी. डबा भरला की आपण काय करतो? रिकामा करतो."

"म्हणजे काय काय टाकू?"

"जे लागत नाही ते."

हे सांगणं सोपं होतं. बेबी रोज थोडं थोडं पुसायला बसली. आधी छापून झालेली पुस्तकं गेली. मग सहलींचे फोटो. सूचना येतच होती. मग जुने व्हिडिओ. त्यात लेकीच्या पोहण्याच्या शिकवणीचे होते. लेक आता दुसऱ्या गावी शिकायला होती, पण त्या व्हिडिओंत ती सहा-सात वर्षांची होती, पाण्याला भिऊन किंचाळत होती, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अण्णा तिच्या पोटाखाली तळहात धरून सांगत होते, "सोडत नाही, सोडत नाही, मार हात." बेबीने ते एकदा पूर्ण पाहिले. मग पुसले. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण तीही जागा खात असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकट पुन्हा हजर.

तेव्हा ती खरी घाबरली. घर झाडून झाडून रिकामं करावं आणि तरी दारावर 'जागा नाही' असं लिहिलेलं असावं, असा हा प्रकार होता. यंत्राला नेमकं काय हवंय? रात्रभर चालू ठेवते म्हणून ते रागावलंय का? आपणहून काही बंद करून टाकेल का? आणि बंद केलं तर कोणतं? ती कामात असताना अधूनमधून कोपऱ्यात बघून घ्यायची, आहेत ना. जेवताना ताट घेऊन पडद्यासमोर बसायची. संगणक बंद करणं तिने केव्हाच सोडलं होतं. पुन्हा सुरू झालाच नाही तर? नवरा म्हणायचा, "तू पुस्तकाची पानं लावतेस की पहारा देतेस?" ती म्हणायची, "दोन्ही." आणि चौकट आली की न वाचता 'ठीक आहे' दाबायची. दारावर रोज येणाऱ्या विक्रेत्याला नको म्हणावं तसं तिचं बोटच आता ते काम करी.

त्या दिवशी सकाळपासून काम छान चाललं होतं. चतुराचे पंख मनासारखे लागले होते. संपादकबाईंचा फोन येऊन गेला होता, "दुपारपर्यंत चतुर आणि नाकतोडा पाठवा हं, छापखाना खोळंबलाय." मध्ये एकदा चौकट येऊन गेली. बेबीने कोपऱ्यात पाहिलं. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते, पायाशी उन्हाचा पट्टा पडला होता. किती निवांत बसलेत आज, असं तिच्या मनात आलं. एरवी त्यांना एका जागी चैन नसे. तिला बरं वाटलं. ती पुन्हा पंखांत बुडाली. मग आणखी एकदा पाहिलं, तेव्हाही अण्णा वाचतच होते. आज पेपरात काहीतरी खास असावं.

जेवायच्या वेळेला तिने रोजच्यासारखा फोन लावला. वाजू लागला.

खिडकीत अण्णांचा फोन त्यांच्या कोपराशीच, टेबलावर दिसत होता. तो वाजत असणार. अण्णांनी मान वळवली नाही.

तिने कापून पुन्हा लावला. अण्णा हलले नाहीत. पेपर धरलेले हात तसेच. बेबी पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. छाती हलतेय का? मान थोडी खाली झुकलीय का? बसल्या बसल्या गेले, असं तिच्या मनात स्वच्छ शब्दांत उमटलं, आणि हात इतके गार पडले की फोन निसटला.

तो उचलायला ती वाकली तेव्हा टेबलाखालचं तिला नीट दिसेना. तिने दिवा लावला, आणि मगच तिच्या लक्षात आलं की बाहेर अंधारून आलंय. खिडकीबाहेर आभाळ राखाडी झालं होतं, समोरच्या गच्चीवरची बाई घाईघाईने कपडे काढत होती. आणि पडद्यावर अण्णांच्या पायाशी लख्ख ऊन होतं.

दोन्ही घरांवर आभाळ तर एकच.

चित्र थिजलं होतं. अण्णा नव्हे. क्षणभर तिला हसूच आलं, इतकं हलकं वाटलं. दुसऱ्या क्षणी ते हसू विरलं. म्हणजे हे चित्र सकाळचं. मग तेव्हापासून आत्तापर्यंत ती कुणाकडे बघत होती? आणि फोन का उचलत नाहीत?

तिने खिडकीवर टिचकी मारली. खिडकी पांढरीफटक झाली. प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. तिने तो बंद केला, पुन्हा उघडायला गेली. तीच चौकट, आता वेगळ्या शब्दांत: मेमरी अपुरी आहे, इतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

"अरे, किती रिकामं करू अजून!" ती त्या यंत्रावर ओरडली.

तिने सकाळचं काम सेव्ह करायला घेतलं. चक्र फिरत राहिलं. फिरत राहिलं. चतुराचा एक पंख दिसेनासा झाला. मग तिने पानांचा प्रोग्रॅम तसाच बंद केला. सेव्ह न करता बंद करायचं का? हो. नक्की? हो, हो, मेल्या, हो!

कॅमेऱ्याची खिडकी उघडली.

खुर्ची रिकामी. पेपर जमिनीवर पसरलेला. एक चप्पल उलटी. ऊन नाही. आणि आवाज येत होता, कुठून तरी आतून, धातूवर धातू आपटल्यासारखा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

तिने बोलायचं बटण दाबलं. "अण्णा!"

टक् थांबलं.

"अण्णा! मी बेबी!"

"ओरडू नकोस," आतून आवाज आला. बारीक, पण त्यांचाच. "मी बहिरा झालेलो नाही."

तिला रडू कोसळलं. ते तिने कसंबसं गिळलं. "कुठे आहात तुम्ही?"

"स्वयंपाकघरात. ओट्याखाली."

"पडलात?"

"नाही, हवा खायला बसलोय." मग थोडं थांबून, "पडलो. डाव्या बाजूला काहीतरी बिनसलंय. मी हललो नाही. कुठे भार टाकायचा नाही एवढं मला कळतं."

"कधी पडलात?"

"ऊन होतं तेव्हा." पुन्हा थांबले. धाप लागली होती. "तुला हाका मारल्या. म्हटलं, बघतेस ना, ऐकशील. मग वाटलं, उठली असशील जेवायला. मग चमचा मिळाला, तो आपटत बसलो."

बेबी उठली नव्हती. ती इथेच होती, एक हातभर अंतरावर, त्यांच्या चित्राकडे बघत.

तेवढ्यात अण्णांच्या रिकाम्या खुर्चीवर ती चौकट पुन्हा येऊन बसली. मेमरी कमी पडते आहे. आता मात्र तिने शब्द न शब्द वाचला. बंद करा. पुसा नव्हे, बंद करा. जे जे उघडं दिसलं ते ते तिने बंद केलं. टपाल, शब्दकोश, छापखान्याचं पान, कधीतरी लावलेलं गाणं. एका हाताने हे, आणि दुसऱ्या हाताने शिवणकाकूंना फोन.

"काकू, अण्णा आत पडलेत. दाराला आतून कडी आहे."

शिवणकाकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. पलीकडे यंत्राची चाल थांबली आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मागच्या गल्लीतल्या सुताराला घेऊन जाते वर. तू ॲम्ब्युलन्सला सांग."

तिने सांगितलं. मग पडद्याकडे वळली. "अण्णा, काकू येतायत. मीही निघते. पण मी निघाले की बोलता येणार नाही हो."

"मग निघ की. मी कुठे जाणार आहे?"

ती दारापर्यंत गेली, परत आली. "अण्णा?"

"निघ गं पोरी."

रिक्षात ती पुढच्या दांडीला धरून, पुढे झुकून बसली होती, जणू तिच्या वाकण्याने रिक्षा लवकर पोचणार होती. प्रत्येक सिग्नलला तिला खात्री वाटे की आता उशीर झालाय. ती पोचली तेव्हा दार बिजागऱ्यांतून काढून जिन्यात भिंतीला टेकवलेलं होतं. शिवणकाकू स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. अण्णांच्या डोक्याखाली कुणाच्या तरी न शिवलेल्या कापडाची घडी होती. चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकले होते, आणि ते सुताराला सांगत होते की पुढच्या वेळी आधी खालची बिजागरी काढ.

"पुढच्या वेळी?" बेबी म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत ते बरं, अजून पडून राहिले असते तर शरीरातलं पाणी कमी होऊन कठीण झालं असतं. बेबीने मान हलवली. लवकर हा शब्द तिला टोचला.

अण्णा इस्पितळात असतानाच तिची नणंद घरी आली. ती विमा कंपनीच्या कचेरीत संगणक सांभाळायचं काम करी. आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "वहिनी, बघू दे तुझं ते यंत्र." तिने पडद्यावर चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली.

"जागा तर आहे की. उलट अर्ध्याहून जास्त रिकामी आहे. तू पुसत कशाला होतीस?"

"मेमरी कमी आहे म्हणालं ना ते."

"मेमरी म्हणजे साठवणीची जागा नव्हे गं." नणंदेने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे हात केला. "ते फडताळ आहे ना, ती तुझी साठवण. फोटो, व्हिडिओ, पुस्तकं सगळं तिथे. आणि मेमरी म्हणजे ओटा. आत्ता जे काम चाललंय ते मांडायची जागा. ओट्यावर परात, पाटा, तीन पातेली, सगळं मांडून ठेवलंस तर कांदा चिरायला जागा उरत नाही. मग तू काय केलंस, तर फडताळातले डबे बाहेर फेकलेस. ओटा होता तसाच. हां, फडताळ अगदी गच्च भरलं तर त्याचाही त्रास होतो, पण तुझं तसं नव्हतं."

बेबी म्हणाली, "पण ओट्यावर होतं काय एवढं? पुस्तक तर नेहमीच असतं."

नणंद एका ओळीवर बोट ठेवून बघत होती. "ही कॅमेऱ्याची खिडकी कधी उघडलीस?"

"भावाने लावून दिली तेव्हा."

"आणि त्या दिवसाआधी बंद कधी केली होतीस?"

"बंद कशी करणार? अण्णा असतात ना त्यात."

नणंदेने वळून तिच्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात बोलली. "काही प्रोग्रॅम असे असतात, वहिनी. चालू राहिले की थोडी थोडी जागा घेत जातात आणि घेतलेली सोडत नाहीत. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की सगळी सोडतात. तू महिनोन्महिने बंदच केला नाहीस. हा कॅमेराच जागा खात होता. शेवटी त्यालाच श्वास घ्यायला जागा उरली नाही, म्हणून थिजला."

"म्हणजे मी बघत राहिले म्हणून..."

"तू बघत राहिलीस म्हणून नव्हे. तुला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून." नणंदेने पुसलेले व्हिडिओ परत मिळतात का तेही पाहिलं. थोडे मिळाले. पोहण्याचा एक मिळाला, तोही अर्धा. अण्णा "सोडत नाही" म्हणतात आणि तिथेच तुटतो.

इस्पितळात बेबीने हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णांनी छताकडे बघत ऐकून घेतलं.

"म्हणजे मला बघून बघून यंत्रालाच घेरी आली," ते म्हणाले.

ती हसली नाही. "तुम्ही हाका मारत होतात, अण्णा."

"मारल्या. नाही ऐकू आल्या. पुढे बोल, आता करायचं काय?"

करायचं काय ते ठरवायला वेळ लागला, वादही झाले. चालायला लागेपर्यंत ते लेकीकडे राहिले, सूप आळणी आहे म्हणाले, खेळाच्या मास्तरांकडून व्यायाम शिकले आणि त्यांनाच ते चुकीचे शिकवता म्हणाले. मग स्वतःच्या घरी गेले. आतली कडी काढून टाकली. एक किल्ली शिवणकाकूंकडे गेली. आणि बेबीने कबूल केलं की रोज जेवायच्या आधी ती सगळं सेव्ह करेल, पानांचा प्रोग्रॅम बंद करेल, आणि अण्णांची खिडकीही बंद करून संगणक पुन्हा सुरू करेल.

पहिल्या दिवशी तिचं बोट त्या बंद करायच्या फुलीवर अडकलं. अण्णा नुकतेच वॉकर धरून उठले होते. आत्ताच का उठले? बसेपर्यंत थांबावं का? ते बसले की पाणी प्यायला उठतील. तिने डोळे मिटून टिचकी मारली, मग संगणक पुन्हा सुरू करायला लावला. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत तिचाच चेहरा दिसत होता, आणि तिला तो बघवेना. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद आहे की नाही पाहिलं, परत आली. पडदा अजून उजाडत होता. तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला.

खिडकी उघडली. खोली रिकामी होती. मग आतून आवाज आले, एक अण्णांचा आणि एक शिवणकाकूंचा.

"इतकं मीठ? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना खायचं नाहीये ते."

"लेक बघत असेल हो तुमची."

"बघत असेल," अण्णा म्हणाले. "बघू दे. तिला काय दिसतंय इथलं!"

काकू हसल्या. भांड्याचं झाकण वाजलं. बेबी थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने खिडकीचा आवाज बारीक केला, अगदी बंद नाही, ऐकू येईल न येईल इतका, आणि दुरुस्तीला परत आलेलं नाकतोड्याचं पान उघडलं.